माणूस जातो, कंपनी चालू राहते: कामाच्या जगात मृत्यूची तरतूद

नाशिकच्या रामकुंडावर कोणी अस्थी घेऊन आलं की तीर्थोपाध्याय आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात. मग आजोबांचं नाव. तेवढ्यावर ते नेमकी वही काढतात. कडा झिजलेल्या त्या वहीत तुमच्या घराण्यातलं कोण कधी येऊन गेलं, कोणाच्या अस्थी होत्या, सोबत कोण होतं, मुलांची नावं काय, हे ओळीने लिहिलेलं सापडतं. कुठे मोडीतली नोंद असते, कुठे पणजोबांची थरथरती सही. वाचून झालं की आजची नोंद तुम्ही करायची आणि खाली सही करायची. ज्यांनी पहिली नोंद लिहून घेतली ते उपाध्याय केव्हाच गेले, ज्यांनी सही केली तेही गेले. दोन घराण्यांमधलं नातं मात्र चालू आहे.

मी याकडे एक संस्था म्हणून बघते. नोंदी आहेत, कामाची पद्धत ठरलेली आहे, गावं आणि आडनावं वाटून घेतलेली आहेत, काम पुढच्या पिढीकडे कसं जाणार हेही ठरलेलं आहे. माणसं मरणार हे गृहीत धरूनच सगळी मांडणी झालेली आहे. इथून सातपूर किंवा अंबडची एमआयडीसी फार लांब नाही. पण तिथल्या बहुतेक ऑफिसांत मृत्यूला मिळालेली जागा म्हणजे रुजू होताना भरलेल्या फॉर्ममधला नॉमिनीचा रकाना. तोही घाईत भरलेला.

लहान कारखान्यांचे हिशेब आणि कामगार कायद्यांची पूर्तता हे माझं रोजचं काम. त्यामुळे कोणी गेल्यावर ऑफिसात नेमकं काय काय अडतं ते मला जवळून दिसतं. दुसरीकडे, व्यवस्थापनशास्त्रात आणि मानसशास्त्रात गेली काही दशकं या विषयावर बराच विचार झाला आहे, आणि तो मराठीत फारसा कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं: आपण मर्त्य आहोत म्हणूनच संस्था उभ्या करतो, आणि तरी संस्थेत शिरलो की हीच गोष्ट सगळ्यात आधी विसरतो. जिथे ती उघडपणे मान्य करून सोय केलेली असते, तिथली माणसं जास्त निर्धास्तपणे काम करतात.

कायद्याने न मरणारी व्यक्ती

आधी कायदा, कारण मृत्यूचा सगळ्यात स्पष्ट विचार तिथेच केलेला आहे. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 9 नुसार नोंदणी झाल्या क्षणापासून तिला अखंड अस्तित्व मिळतं. भागधारक आले, गेले, वारले, तरी कंपनी तीच राहते. तिच्या नावावरची जमीन, तिचं कर्ज, तिने केलेले करार, यातलं काहीही कोणाच्या मृत्यूने बदलत नाही.

भागीदारीचं तसं नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर एक भागीदार वारला की फर्म विसर्जित होते. म्हणून जाणता वकील करारनाम्यात आवर्जून एक कलम घालतो की भागीदाराच्या मृत्यूमुळे फर्म बंद होणार नाही. दोनच भागीदार असतील तर मात्र हे कलमही अपुरं पडतं, कारण एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. आणि प्रोप्रायटरी फर्म तर मालकापासून वेगळी नसतेच. मालक गेला की त्याच्या नावाची जीएसटी नोंदणीही रद्द करून घ्यावी लागते. वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते आणि शिल्लक क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-02 या फॉर्मने आपल्याकडे वळवून घ्यावं लागतं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगते. अंबडमधल्या एका छोट्या वर्कशॉपचे मालक हृदयविकाराने अचानक गेले. टर्निंगचा, म्हणजे लेथवर भाग कातून देण्याचा जॉबवर्क होता, कामगार मोजकेच. पगाराची तारीख जवळ आलेली. बँक खातं एकट्या मालकाच्या सहीचं. पार्टीकडून पैसे जमा होत होते, पण बाहेर काढता येत नव्हते. जीएसटीचं रिटर्न, वीजबिल, बँकेचं अॅप, सगळ्याचे ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर. घरच्यांनी तो फोन बंद होऊ दिला नाही. वेळेवर रिचार्ज करून तो देवघरापाशी चार्जिंगला लावलेला असायचा, आणि आकाउंटंटचा फोन आला की मालकांच्या पत्नी, काकू, ओटीपी वाचून दाखवायच्या. हे कायद्यात बसत नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने व्यवहार करत राहणं अंगाशी येऊ शकतं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. पण त्या बाईंच्या डोळ्यांसमोर कामगारांचे पगार होते. नवऱ्याने वीस-पंचवीस वर्षांत जे उभं केलं त्यात आपण नसताना काय होईल याचा एकही कागद नव्हता, ही खरी अडचण होती.

प्रायव्हेट लिमिटेड केलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. तिला किमान दोन संचालक लागतात. नवरा-बायको किंवा बाप-मुलगा अशी जोडी असली आणि त्यातलं एक गेलं की उरलेल्या संचालकाला आधी संख्या पूर्ण करण्यापुरतेच निर्णय घेता येतात. एकट्याची कंपनी काढायची सोय 2013 च्या कायद्याने दिली, पण त्याच वेळी एक अट घातली: तुमच्यानंतर सभासद कोण होणार त्याचं नाव, त्याच्या लेखी संमतीसह, सुरुवातीलाच द्यायचं. माझ्या मते ही त्या कायद्यातली सगळ्यात शहाणी तरतूद. कंपनी जन्माला येतानाच तिला विचारलं जातं की हा माणूस गेल्यावर पुढे काय.

नॉमिनीबद्दल एक मोठा गैरसमज आहे तो इथेच दूर करते. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत यावर बरीच वर्षं वाद चालला होता. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये निकाल दिला की कंपनी कायद्यातल्या नामनिर्देशनामुळे मालकी मिळत नाही. नॉमिनीच्या हातात मालमत्ता येते ती सांभाळण्यासाठी, आणि शेवटी ती मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे वाटली जाते.

भीती वेगळी, विचार वेगळा

आता मनाचा भाग. अर्नेस्ट बेकर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने 1973 साली एक मांडणी केली. माणसाला आपण मरणार हे कळतं, पण ते चोवीस तास डोळ्यांसमोर ठेवून जगता येत नाही. म्हणून तो स्वतःहून मोठ्या आणि जास्त टिकणाऱ्या कशाला तरी स्वतःला जोडून घेतो: धर्म, घराणं, देश, कला. आधुनिक काळात त्यात कंपनी, पद, बांधलेली इमारत, नावाचा ब्रँड यांची भर पडली. कीर्तिरूपे उरावं ही आपल्याकडची जुनी आस बेकरच्या मांडणीच्या अगदी जवळ जाते. बेकर स्वतः मार्च 1974 मध्ये कर्करोगाने वारले, आणि याच मांडणीसाठी त्यांना पुलित्झर मिळालं ते त्यानंतर दोन महिन्यांनी.

पुढे जेफ ग्रीनबर्ग, शेल्डन सॉलोमन आणि टॉम पिझिन्स्की या तिघांनी यातून तपासता येईल असा सिद्धांत बांधला. त्यांचं म्हणणं, मृत्यूची आठवण झाली की माणूस आपल्या मूल्यांना, आपल्या गटाला जास्त घट्ट धरतो आणि नियम मोडणाऱ्याशी जास्त कठोर वागतो. 1989 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फार गाजला. अमेरिकेतल्या अॅरिझोनामधल्या 22 न्यायाधीशांना वेश्याव्यवसायाच्या आरोपाचं एक काल्पनिक प्रकरण देऊन जामिनाची रक्कम ठरवायला सांगितलं. त्यातल्या काहींना आधी स्वतःच्या मृत्यूबद्दल दोन प्रश्न विचारले होते. त्यांनी सरासरी 455 डॉलर जामीन लावला. ज्यांना ते प्रश्न विचारले नव्हते त्यांची सरासरी 50 डॉलर.

आकडे थक्क करणारे आहेत, पण यावर डोळे मिटून विसंबू नये. अलीकडे अनेक प्रयोगशाळांनी एकत्र येऊन याच सिद्धांतातला दुसरा एक गाजलेला प्रयोग मोठ्या संख्येने लोक घेऊन पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. म्हणून ‘मृत्यूची आठवण करून दिली की कर्मचारी अमुक वागतात’ असं ठामपणे सांगणाऱ्या ट्रेनरचं मी ऐकणार नाही. बेकरचं मूळ निरीक्षण मात्र मला मोलाचं वाटतं, आणि ते नवीनही नाही. यक्षाने युधिष्ठिराला विचारलं होतं, जगातलं सगळ्यात मोठं आश्चर्य कोणतं? रोज माणसं यमाच्या घरी जाताना दिसतात आणि तरी उरलेल्यांना वाटतं आपण इथेच राहणार, हे उत्तर त्याने दिलं.

ऑफिसच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी पडणारा फरक अॅडम ग्रँट आणि किम्बर्ली वेड-बेन्झोनी यांनी 2009 मध्ये मांडला. मृत्यूची जाणीव दोन प्रकारे येते, असं ते म्हणतात. एक भीतीच्या रूपात: तापलेली, अचानक, अंगावर येणारी. अशा वेळी माणूस स्वतःला वाचवायला बघतो. सुट्ट्या वाढतात, चिडचिड वाढते, काही जण नोकरीच सोडतात. दुसरी विचाराच्या रूपात: थंड डोक्याने, सावकाश. त्यात माणूस स्वतःला विचारतो की माझ्यामागे काय राहील, मी कोणाच्या उपयोगी पडलो. अशा वेळी तो दुसऱ्यांसाठी वेळ काढतो, नवख्याला शिकवतो, जास्त अर्थाचं काम शोधतो. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने 1950 मध्येच म्हटलं होतं की मध्यमवयात माणसाला पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याची ओढ लागते, आणि ती पुरी झाली नाही तर तो साचून जातो. ग्रँट आणि वेड-बेन्झोनी ती ओढ मृत्यूच्या जाणिवेशी जोडतात.

2021 च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या लाटेत अमरधाम स्मशानभूमीत रांगा लागत होत्या त्या दिवसांत, हे दोन्ही एकाच कारखान्यात दिसत होतं. काही तरुण मुलं नोकरी सोडून गावी परतली ती कायमची. त्याच शॉपमध्ये निवृत्तीला आलेले एक सेटर, म्हणजे प्रत्येक कामासाठी मशीन जुळवून देणारे कारागीर, होते. वर्षानुवर्षं आपली सेटिंग कोणाला दाखवायची नाहीत अशी त्यांची ख्याती. त्या उन्हाळ्यात त्यांनी शंभर पानी वही विकत घेतली आणि प्रत्येक जॉबचं सेटिंग, कुठे चूक होते, कोणता टूल लवकर झिजतो, हे सगळं आकृत्यांसह लिहून काढलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते आजही ठणठणीत आहेत आणि ती वही शॉपमध्ये वापरात आहे.

जाणीव कोणत्या वाटेने जाईल यात संस्थेचा हात असतो, हा माझ्यासाठी या सगळ्या संशोधनाचा गाभा आहे. अपघात झाला, तासाभरात मशीन धुऊन पुन्हा सुरू केलं, कोणी काही बोलायचं नाही असा दम दिला, तर उरते ती भीती. चौकशी झाली, गेलेल्याचं नाव घेतलं गेलं, त्याच्या घरी माणसं गेली, मशीनवरचं संरक्षक आवरण बदललं गेलं, तर त्याच घटनेतून विचार सुरू होतो.

मशीनवरची जागा

अपघात राहू दे, साध्या आजाराने कोणी गेलं तरी काय होतं ते बघा. एका कारखान्यात टूल रूममधले एक फिटर गेले. सकाळी शिफ्ट सुरू होताना सगळे जमले, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, वर्गणी काढली गेली. इथपर्यंत सगळीकडे होतं. पण टाइम ऑफिसमधून निघणाऱ्या गैरहजरांच्या यादीत त्यांचं नाव महिना संपेपर्यंत येत राहिलं. पगाराची सायकल बंद झाल्याशिवाय सॉफ्टवेअरमधून नाव काढता येत नव्हतं. सुपरवायझर रोज ती यादी वाचायचा आणि त्या नावापाशी अडखळायचा. लॉकरमध्ये डबा, सुटा चष्मा आणि स्वतःच्या पैशाने घेतलेला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) होता. ते घरी कोणी द्यायचं हे ठरेना, म्हणून लॉकर तसाच राहिला. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून त्यांचा नंबर काढायचा की नाही यावरही दोन तट पडले. सोमवारी त्यांच्या बेंचवर नवा मुलगा आला, आणि कोणी त्याच्याशी धड बोलेना. त्या मुलाची काय चूक होती?

यातली एकही गोष्ट खर्चाची नाही. गैरहजरांच्या यादीतून नाव दुसऱ्या दिवशी हाताने खोडायची सोय, सामान घरी नेऊन देणाऱ्या दोघांची नावं, नव्या मुलाला बेंच देण्यापूर्वी जुन्यांशी दोन शब्द. पण यासाठी कोणाची तरी जबाबदारी ठरलेली लागते, आणि मृत्यू हा विषयच नसल्यामुळे ती कोणाचीच नसते. आपल्याकडे खासगी नोकरीत सुतकाच्या दिवसांसाठी सर्वांना लागू अशी वेगळी रजा कायद्यात नाही. आई गेलेला माणूस दहावा-तेरावा आपल्या हक्काच्या रजेतून करतो, रजा शिल्लक नसेल तर पगार कापून. घाटावर दशक्रियेला साहेब आले होते की नाही हे मात्र माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

कागदांचा भागही घरच्यांच्या दृष्टीने तेवढाच जिव्हाळ्याचा. पीएफ असलेल्या कामगाराचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. साठलेला पीएफ. 1995 च्या योजनेतलं कुटुंब निवृत्तिवेतन, ज्यासाठी एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. आणि ईडीएलआय या 1976 च्या योजनेतला विमा, जो जास्तीत जास्त 7 लाख रुपयांपर्यंत असतो आणि ज्याचा हप्ता पूर्णपणे मालक भरतो. हा तिसरा भाग अनेक घरांना माहीतच नसतो, त्यामुळे तो मागितलाही जात नाही. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची अट आहे, पण मृत्यू झाल्यास ती लागत नाही. दोन वर्षं काम केलेल्या मुलाच्या आईवडिलांनाही त्या दोन वर्षांची ग्रॅच्युइटी मिळायला हवी. लग्न झाल्यावर पीएफचं नामनिर्देशन नव्याने करावं लागतं, आणि हे राहून गेल्यामुळे तरुण विधवांची होणारी फरफट मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता दर जानेवारीला प्रत्येक कारखान्यात नॉमिनीची यादी तपासायचा आग्रह धरते.

कामावरच मृत्यू झाला तर कायदा त्याची किंमत सूत्राने काढतो. 1923 च्या भरपाई कायद्यातून आलेलं हे सूत्र असं: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. पगार 15,000 धरला तर 30 वर्षांच्या कामगारासाठी 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. 40 वर्षांच्या कामगारासाठी गुणक 184.17, रक्कम 13,81,275. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असेल तर ही रक्कम न मिळता अवलंबितांना पगाराच्या 90 टक्के दराने दरमहा लाभ मिळतो. ज्या कंत्राटी मजुराचं नाव कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही, त्याच्या घरच्यांना आधी तो तिथे कामाला होता हेच सिद्ध करावं लागतं. मृत्यू सगळ्यांना समान, हे कारखान्याच्या गेटच्या आत खरं नाही.

सरकारी नोकरीतल्या अनुकंपा नियुक्तीमागेही हाच प्रश्न आहे: माणूस गेल्यावर त्याच्या घराशी संस्थेचं नातं उरतं का? सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये स्पष्ट केलं की ही नियुक्ती वारसाहक्क नाही. कमावता माणूस गेल्याने घरावर ओढवलेल्या तातडीच्या संकटातून सावरायला दिलेला तो हात आहे. प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं थांबलेल्या मुलांना मात्र तो हात वेळेवर मिळत नाही.

खुर्ची सोडताना

बुर्कार्ड झीव्हर्स या जर्मन अभ्यासकाने 1994 मध्ये एक जळजळीत मुद्दा मांडला. कंपनी स्वतःला अमर समजते, आणि त्या अमरत्वात वाटा मिळतो तो वरच्या लोकांना. त्यांच्या नावाचे फलक, त्यांची तैलचित्रं. खालच्या कामगाराकडे बदलता येणारा भाग म्हणून पाहिलं जातं, आणि मग त्याला कामात रस का नाही म्हणून मोटिव्हेशनची शिबिरं घेतली जातात. मला हे शब्दशः सगळीकडे लागू वाटत नाही, पण संस्थापकांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. मुलाकडे सूत्रं द्यायची वेळ आली की सत्तरीतले मालक पुढच्या वर्षी बघू म्हणतात. ययातीने पुरूचं तारुण्य मागून घेतलं ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. कारखान्यांत ती वेगळ्या रूपात घडते: पन्नाशीला आलेला मुलगा अजून चेकवर सही करू शकत नाही.

नाशिकजवळचंच उदाहरण द्यायचं तर दादासाहेब फाळक्यांचं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी आपला चित्रपट व्यवसाय 1913 मध्ये नाशिकला आणला. 1918 मध्ये भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. पण भागीदारांशी पटेना आणि फाळके ती सोडून काशीला गेले. पुढे परतले, पण ती घडी पुन्हा बसली नाही, आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बंद झाली. फाळके 1944 मध्ये नाशिकलाच वारले. कंपनीत पैसा होता, स्टुडिओ होता, तयार माणसं होती. तरी सगळं एका माणसाच्या नजरेवर आणि हातावर उभं होतं. याउलट 1840 मध्ये सुरू झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय किंवा 1914 चा मराठा विद्या प्रसारक समाज बघा. तिथे भांडणं झाली नाहीत असं कोणी म्हणणार नाही. पण घटना आहे, सभासद आहेत, ठरलेल्या काळाने निवडणूक येते. म्हणजे प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या जाण्याची तारीख आधीच लिहिलेली असते.

संस्था मरते तेव्हा

शेवटी संस्थाही मरतात. जपानमधली कोंगो गुमी ही मंदिरं बांधणारी कंपनी इ.स. 578 मधली मानली जाते. चौदा शतकांहून जास्त टिकून 2006 मध्ये ती कर्जापायी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आपल्या जिल्ह्यात पळशाचा नाशिक सहकारी आणि भाऊसाहेबनगरचा निफाड सहकारी हे साखर कारखाने बंद पडले तेव्हा सभासदांनी जो दीर्घ अधांतरीपणा भोगला तो इथल्या घराघरात माहीत आहे. संस्था मेली असं कोणी म्हणत नाही, ती जगतही नाही, आणि माणसं हंगामामागून हंगाम वाट बघत राहतात.

2016 च्या दिवाळखोरी संहितेने निदान मुदत घातली. पुनरुज्जीवनाची प्रक्रिया न्यायालयीन वेळ धरून 330 दिवसांत संपवायची, नाही जमलं तर अवसायन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणं. वाटपात कामगारांच्या आधीच्या 24 महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक बँकांच्या बरोबरीचं स्थान आहे. मुदती प्रत्यक्षात लांबतात, पण मृत्यू जाहीर करायची एक रीत तरी ठरली.

बंद पडताना माणसांच्या मनात काय होतं यावर व्यवस्थापनाच्या वर्गात सहसा एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या 1969 च्या पाच अवस्था शिकवल्या जातात: नाकारणं, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. त्या अवस्था त्यांनी मरणासन्न रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. सगळे जण त्याच क्रमाने जातात याला पुरावा नाही. त्यामुळे ‘तुमचे लोक अजून रागाच्या अवस्थेत आहेत’ म्हणत थकलेल्या पगाराचा प्रश्न बाजूला सारणारा सल्लागार मला अजिबात पटत नाही. राग पगार थकल्याचा असतो.

याहून कामाचं निरीक्षण रॉबर्ट सटन या अमेरिकी अभ्यासकाचं आहे. 1980 च्या दशकात त्यांनी बंद होणाऱ्या संस्था जवळून पाहिल्या. मालकांना धास्ती असते की बातमी फुटली की चोऱ्या होतील, माणसं काम टाकतील. बहुतेक ठिकाणी तसं झालं नाही, उलट काही ठिकाणी शेवटच्या दिवसांतलं काम आधीपेक्षा चांगलं झालं. सटन यांना दोन कामं एकाच वेळी चाललेली दिसली: जुनं मोडणं आणि नव्याने जोडून घेणं. माणसं, यंत्रं, कामाच्या पद्धती एका बाजूने सुटतात आणि दुसरीकडे कुठे तरी जोडल्या जातात. निरोपाचे कार्यक्रम या दोन्हींना मदत करतात. एकत्र जेवण होतं, फोटो काढले जातात, रडणं होतं, आणि त्याच गर्दीत एकमेकांना नव्या नोकरीचे नंबर दिले जातात.

सातपूरमध्ये एखादं युनिट बंद होताना सर्व्हिस सर्टिफिकेट, पीएफची एक्झिट डेट (नोकरी सुटल्याची नोंदवलेली तारीख), ग्रॅच्युइटीचा चेक आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई, हे सगळं शेवटच्या दिवसाआधी हातात पडलं तर निरोपाला माणसं येतात. ते बाकी असेल तर कोणी येत नाही. कागद अर्धवट ठेवून मालक निघून गेला की पीएफ काढताना कामगार अडू शकतो, सही करायला कोणी नसतं. म्हणून युनिट बंद करायचा विचार मनात आला की पहिला फोन सीएला करण्याआधी हजेरीपट घेऊन बसा, आणि त्यातल्या प्रत्येक नावापुढे त्या माणसाला तुमच्याकडून कोणता कागद मिळायचा राहिला आहे ते लिहा.